कागदावर क्लीनर

"शिकला-सवरला झाडूवाला पाह्यला का कोनं?"

एजंट असं म्हणाला आणि खो खो हसला. त्याच्या एका हातात माझा पासपोर्ट होता, दुसऱ्या हातात पान. बाकावर नंबर लावून बसलेली पोरं हसली. शेजारच्या खुर्चीतले माझे मालक हसले. आणि सांगायची लाज वाटते, मीपण हसलो.

मला वाटलं, आडनावावरून बोलला. तसं बोलणं मला नवं नव्हतं. आडनाव वाचायचं, वरून खाली पाहायचं, मग काहीतरी फेकायचं. लहानपणापासून ऐकत आलो होतो. म्हटलं, दोन मिनिटांची गोष्ट आहे, हसून घे बाबा. एकदा विमानात बसलो की कोण कोणाचं आडनाव विचारतो!

त्यानं कागद पुढे सरकवला. "अंगठा लाव." शाईचा पॅड उघडूनच ठेवला होता. मी खिशातला पेन काढला आणि इंग्रजीत सही केली. झोकदार. खाली रेघ ओढून. त्या तोऱ्यात मी कागद वाचलाच नाही. वाचता येत होतं मला, आयटीआय केलेला माणूस मी. पण इतक्या लोकांत वाचत बसलो तर म्हणतील, याचा आपल्यावर भरवसा नाही. म्हणून नाही वाचला. गाढवपणा माझा, दुसऱ्या कोणाचा नाही.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. नागपूरच्या लकडगंजात आरा मशिनींच्या मागच्या गल्लीत मालकांचं वर्कशॉप होतं. मालक काटोलकडचे, घरी संत्र्याच्या बागा. नऊ वर्षं मी त्यांच्याकडे वेल्डिंग केलं. आऱ्याच्या फ्रेमा, पंपाचे पाईप, ट्रॉल्या. ठिणग्यांनी सदऱ्याला इतकी भोकं पडायची की बायको म्हणायची, "तुमच्या सदऱ्यानं पीठ चाळता येते."

तेव्हा आखाती देशांचं वेड आलं होतं. जो तो पासपोर्ट काढून राहिला होता. हा एजंट म्हणजे मालकांचा साडू. तिकडच्या एका कंपनीचा इंजिनिअर त्यानं नागपूरला आणला आणि आमच्याच वर्कशॉपच्या अंगणात वेल्डरची टेस्ट ठेवली. दोन लोखंडी प्लेटी जोडायच्या. मग जोडलेली प्लेट प्रेसमध्ये घालून वाकवायची. जोड तडकला की नापास.

वेल्डिंगमध्ये पहिला थर सगळ्यात कठीण. त्याला आम्ही रूट म्हणतो. तो तळाशी असतो, वरून दिसत नाही. वरचे थर कोणीही भरेल, पण रूट कच्चा राहिला की सगळं गेलं. आमच्याकडे रीतच होती, नवख्याचा रूट जुन्यानं मारून द्यायचा, वरून त्यानं भरायचं. मी शिकाऊ होतो तेव्हा माझाही कोणीतरी मारून दिला होता. त्यात उपकार नव्हते. 'सरक' म्हणायचं, बसायचं, मारायचा, उठायचं.

टेस्टच्या दिवशी माझ्या बाजूला मालकांचा भाचा विलास होता. काटोलहून येऊन सहा महिने झाले होते. रॉड टेकवला की चिकटे, ओढला की आर्कची ज्योत विझे. घामानं निथळला होता बिचारा. इंजिनिअर चहाला आत गेला तसे मालक माझ्याजवळ आले. "त्याचा रूट मारून दे न गा."

मी म्हणालो, "सरक." बसलो. मारला.

दोन्ही प्लेटी वाकवल्या. एकही तडकली नाही. इंजिनिअरनं माझी प्लेट उलटून-पालटून पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. नऊ वर्षांत मालकांनी मारली नव्हती.

त्यानंतर ती सही झाली. वस्तीत बातमी गेली. बाहेरदेशी जाणारा मी वस्तीतला पहिला. रविवारी वंदना झाल्यावर विहारात माझा सत्कार झाला. विहाराच्या समितीचे अध्यक्ष शाळामास्तर होते, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांनी हार घातला. म्हणाले, "आपला माणूस स्वतःच्या हुनरावर चालला आहे." आई पदरात तोंड घालून रडली. कोणीतरी मागून ओरडलं, "इंजिनिअर होऊन चालला!" मी ते खोडलं नाही. छाती फुगली होती ना.

आठवड्यानं एजंटनं व्हिसाच्या कागदाची नक्कल दिली. ती घेऊन मी मोमिनपुऱ्यात हमीदभाईंकडे गेलो. हमीदभाई फिटर, तिकडे दोन वर्षं राहून आलेले. सोबत चादर न्यावी की तिकडे मिळते, लोणचं नेऊ देतात का, असलं विचारायला गेलो होतो मी.

त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. दोनदा वाचला.

"तू वेल्डर है ना?"

"हाव."

"फिर ये क्लीनर काहे को लिखा है?"

मी पाहिलं. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. खाली बारीक अक्षरात धंद्याच्या पुढे, क्लीनर. बाजूला अरबीत काहीतरी. हमीदभाई म्हणाले, अरबीतही तेच आहे. झाडूवाला. एजंट त्या दिवशी आडनावावर हसला नव्हता. कागद वाचून हसला होता.

मी म्हणालो, तिकडे जाऊन बदलून घेईन. हमीदभाईंनी मान हलवली. "पहले ये समझ ले. ये व्हिसा तेरे नाम पे है, तेरा नहीं है. कफील का है."

कफील म्हणजे तिकडचा मालक, जो बोलावतो, जो सरकारला सांगतो की या माणसाची जबाबदारी माझी. त्याच्या बोलावण्याशिवाय तुम्ही त्या देशात पाय ठेवू शकत नाही. पाय ठेवला की पासपोर्ट त्याच्या कपाटात. काम फक्त त्याच्याकडे, आणि कागदावर लिहिलं आहे तेच. दुसरा मालक चांगलं काम देत असेल तरी याच्या लेखी परवानगीशिवाय जाता येत नाही. नोकरी सोडली की देश सोडायचा. न सांगता गेलात तर तुम्ही पळपुटे, पोलीस शोधतात. हमीदभाई हे सगळं अगदी हळू सांगत होते. आत बायको-पोरं होती, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. दोन वर्षांत काय झालं ते त्यांनी घरी सांगितलं नसावं.

"इन लोगों का हिसाब सुन," ते म्हणाले. "वहाँ वेल्डिंग तुझसे ही कराएँगे. कागज पे तू क्लीनर. मुँह खोलेगा तो कहेंगे, जा, झाडू मार."

मी घरी आलो तो पायी आलो. सायकल त्यांच्या दारातच राहिली. वेल्डरच्या जागा मोजक्या होत्या. माझी विलासला गेली होती. आणि त्याला ती मीच बसून दिली होती, माझ्या हातानं, 'सरक' म्हणून. हे मी कोणाला सांगणार? इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

बायकोला सांगितलं. शांता ऐकत राहिली. मग म्हणाली, "कागदाले कोन पाह्यते? तुमची आत्या कार्पोरेशनात झाडूच मारे. लाज वाटते का आता तिची?"

"लाज नाही वं वाटत. आत्या झाडू मारे आणि झाडूवाली म्हणून पगार घे. तिच्या कागदावर खोटं नव्हतं."

"पोराईची शाळा आहे. छपराचं पाह्यजे. तुमाले आपलं नावाचंच पडलं." एवढं बोलून ती उठली. तिचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एजंटच्या ऑफिसात गेलो. तो होता, मालक होते, विलास होता. बाकावर नरखेडकडची आठ-दहा पोरं बसली होती.

मी कागद टेबलावर ठेवला. "इथं वेल्डर लिहा. नाही तर माझा पासपोर्ट द्या."

एजंट म्हणाला, "तिथं विलासच्या हाताखाली तुले वेल्डिंगच करायचं आहे. मंग कागदाचं काहून घेऊन बसला?"

"करायचं वेल्डिंग, तर लिहा वेल्डिंग."

"आबे, वेल्डरचे व्हिसे संपले. आन झाडूचं तुमाले काय नवं आहे? घरचंच काम हाये तुमचं."

बाकावर कोणी हसलं नाही या वेळी. मालक समजुतीनं बोलले. तीच तर त्यांची खुबी. "नऊ वर्सं मी तुले पोटच्या पोरावानी सांभाळलं. तुले कोनं शिकवलं? म्या. विलास पोरगा आहे, त्याले सोबत पाह्यजे. तू असला की मले घोर नाही."

तेव्हा मला कळलं. मला पाठवत नव्हतेच ते. विलाससोबत त्याची अवजारं पाठवतात तसं मला पाठवत होते.

मी विलासकडे वळलो. "विलास, रॉडचा होल्डर घे. वर्कशॉपात चाल. एक रूट मारून दाखव. तू मारला तर मी क्लीनर म्हणून जातो, आनंदानं जातो."

विलासनं मान खाली घातली. पोरगा वाईट नव्हता. मालकांचा चेहरा मात्र पालटला. "माजला का बे?"

एजंटनं खण ओढला, पासपोर्ट काढला आणि माझ्या पायाशी फेकला. "उचल आन् चालता हो."

मी वाकलो नाही. मला वाटलं होतं, वाकेन. गुडघे तयारही झाले होते. पण मी म्हणालो, "टेबलावर ठेवा."

"उचल म्हनतो ना!"

"तुम्ही फेकला. तुम्ही ठेवा."

शिपाई उचलायला पुढे आला, एजंट त्याच्यावर खेकसला. मी उभाच राहिलो. पंखा फिरत होता. घाम कानामागून वाहत होता, मी टेबलाची कड धरली. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग बाकावरचा एक पोरगा उठला. "साहेब, माह्या कागदावर काय लिवलं आहे?" दुसरा उठला. "माहा बी दाखवा."

तेव्हा एजंट घाबरला. मला बाहेर काढल्याशिवाय गत नाही हे त्याला समजलं. तो स्वतः खुर्चीतून उठला, वाकला, पासपोर्ट उचलला आणि टेबलावर ठेवला. मी घेतला आणि जिना उतरलो.

खाली थोडा थांबलो. वाटलं, कोणीतरी मागून येईल. एखादा तरी. कोणी आलं नाही. त्या पोरांनी आपापले कागद पाहिले असतील, जे लिहिलं होतं ते वाचलं असेल, आणि पुन्हा बाकावर बसली असतील. महिन्याभरात सगळी गेली. विलासही गेला.

वर्कशॉपचं काम त्याच दिवशी सुटलं. लकडगंजात कोणी कामावर घेईना, मालकांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं. शांता बोलत नव्हती. ताट वाढायची आणि पाठ करून बसायची. वस्तीतले लोक मला पाहून गप्प व्हायचे. ज्यांनी हार घालताना टाळ्या वाजवल्या, ते आता म्हणत, "याले सोन्याची संधी होती, यानं लाथ मारली." भर वस्तीत माझ्याशी बोलणारं माणूस उरलं नव्हतं.

मग गुरुजी घरी आले. चांगल्या मनानं आले होते. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. म्हणाले, "लोकं विचारतात. मी रविवारी सांगून टाकतो, व्हिसा रद्द झाला, तिकडच्या सरकारचा काही नियम निघाला. तुझीही लाज राहते, समितीचीही."

शांतानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिला ते हवं होतं. आई दारात उभी होती, तिलाही हवं होतं. मला नुसतं गप्प बसायचं होतं. एवढंच. सगळे पुन्हा माझ्याशी बोलू लागले असते.

मी म्हणालो, "गुरुजी, रविवारी मीच बोलतो."

रविवारी वंदना झाली आणि मी उठलो. म्हणालो, "मला झाडूवाला म्हणून नेणार होते आणि वेल्डरचं काम करून घेणार होते. दुसऱ्याला टेस्टमध्ये वेल्डर मीच केलं, कशासाठी ते न विचारता, सवयीनं. सही मीच केली, न वाचता. पण व्हिसा रद्द झाला नाही. मी नाकारला. माझ्याबद्दल खोटं मी त्यांना लिहू दिलं नाही. तुम्हालाही बोलू देणार नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. दोघं-तिघं उठून गेले. गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. मी खाली बसलो नाही. ज्याला विचारायचं असेल त्यानं विचारावं म्हणून, शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.