सिग्नलच्या डबीवरचं बोट

"चालू करा," असं म्हणून मेस्त डॅशबोर्डखाली हात घालायचा, फ्लॅशरच्या डबीवर बोट टेकवायचा आणि डोळे मिटायचा. मी सिग्नलची दांडी ओढली की डबी टिक-टिक करू लागे. मेस्तची मान त्या तालावर अगदी बारीक हलायची. मग डोळे उघडून तो निकाल द्यायचा, "डावीकडचो मागचो बल्ब गेलो." मागे जाऊन बघावं तर बल्ब खरंच गेलेला. वैद्य नाडी बघतो तसा हा गाडीची नाडी बघतो, असं मी डिचोलीभर सांगत फिरायचो. सांगत फिरणं हा माझा जुना रोग.

आमच्याकडे कारागिराला मेस्त म्हणतात. हा मेस्त दोडामार्गाकडचा. डिचोलीत फोटो स्टुडिओच्या बाजूला त्याची पत्र्याची शेड होती. समोरून दिवसभर खाणीचे ट्रक जात आणि सगळ्या गावावर लाल धूळ बसे. मेस्तचं मुख्य काम म्हणजे याच ट्रकांचे हॉर्न आणि दिवे. पण शेडसमोर कुठलंही वाहन थांबलं की तो आधी खांद्यावरचं ओलं फडकं घेऊन त्याच्या दिव्यांच्या काचा पुसायचा. मग मालकाला खाली उतरवून भर उन्हात त्याच्याच गाडीमागे उभा करायचा आणि सिग्नल लावून दाखवायचा.

"तुमची गाडी तुमका दिसना नाय. मागच्याक दिसता," तो म्हणायचा.

त्याचं दुसरं पेटंट वाक्य होतं, "फुडे येवन सांगा." गिऱ्हाईक पाठीमागून काही बोललं तर हा ढिम्म हलायचा नाही. ट्रकमालक असो, फौजदार असो, समोर येऊन, उजेडात उभं राहून तक्रार सांगावी लागे. आम्हाला वाटायचं, काय हा ताठ कण्याचा माणूस! तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्या वागण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीनं लावलेला असतो.

मी तेव्हा हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि वडिलांच्या जुन्या गाडीतून आमोण्याहून डिचोलीला यायचो. त्या गाडीची दांडी वळण संपल्यावर आपोआप परत येत नसे, आणि माझं लक्ष नेहमी दुसरीकडे. आमोण्याला लावलेला सिग्नल शाळेच्या दारापर्यंत लुकलुकत यायचा. एकदा मागचा बसवाला मी वळेन वळेन म्हणून चार किलोमीटर ताटकळला आणि शेवटी शेजारी येऊन ओरडला, "मास्तर, वळटले काय ना तुमी?" डॅशबोर्डवरचा सिग्नलचा हिरवा ठिपका उन्हात दिसायचाच नाही. टिक-टिक ऐकू यायची, पण मी एकीकडे स्वतःशीच बोलत असायचो.

एका सकाळी मेस्त बॉनेटमध्ये डोकं घालून काम करत होता. मागच्या सीटवरची वही घ्यायला मी वळलो आणि माझं कोपर हॉर्नच्या बटणावर पडलं. बॉनेटमधला हॉर्न मेस्तच्या कानापासून वीतभर अंतरावर कर्कश वाजला. स्टुडिओवाला दचकून बाहेर आला. मेस्तच्या हातातला पाना जराही थांबला नाही.

मी खाली उतरून त्याच्या समोर गेलो. त्यानं वर पाहिलं, माझा चेहरा वाचला आणि पाना खाली ठेवला.

"कोणाक सांगू नकात, मास्तरानू," तो म्हणाला. "हॉर्नाचा काम माझा."

"नाही सांगणार," मी म्हणालो. त्याला दिसेल असं, तोंड नीट उघडून म्हणालो.

ते दिवस भाषेच्या वादाचे होते. कोंकणी की मराठी, आमच्या केंद्रशासित मुलखाचं राज्य झालं तर ते कुठल्या भाषेचं होणार, यावरून बाजारातल्या हॉटेलात रोज रण माजे. भाजी-उंडो, म्हणजे आमचा भाजी-पाव, समोर निवत पडायचा आणि दोन बांकांवरची माणसं एकमेकांकडे बघत नसत. मी मराठीचा मास्तर, तेव्हा माझा बांक कुठला हे सांगायला नको. मेस्त चहाला आला की दोन्ही बांकांवरून त्याला विचारलं जाई, "काय मेस्त, बरोबर ना?" मेस्त दोन्हीकडे बघून हसत मान डोलवायचा. त्यामुळे तो आपलाच, असं दोन्हीकडच्यांना ठाम वाटत होतं.

एके दिवशी त्यावरूनच जुंपली. मेस्त तिथं नव्हता. "मेस्त आमचे वांगडा. काल हांवें विचाल्लें तर मान हालयली," समोरच्या बांकावरचा ट्रकमालक म्हणाला. त्याचे ट्रक खाणीवर होते आणि सगळे मेस्तकडेच दुरुस्तीला जात. आमच्याकडचे म्हणाले, तुमच्याबरोबर कसला, मान तर आमच्यापुढेही हलवली. आवाज चढले. मला त्या क्षणी विनोद सुचला, आणि सुचलेला विनोद गिळणं मला जन्मात जमलेलं नाही.

"अरे, भांडताय कसले," मी म्हणालो, "त्याला तुमचं कुणाचंच ऐकू येत नाही!"

दोन्ही बांक एकदम हसले. त्या महिन्यात दोन्ही बांक एकत्र हसल्याचा तो एकच प्रसंग. मला केवढा आनंद झाला, काय सांगू! मग ट्रकमालक हसायचा थांबला.

"म्हणजे म्हज्या ट्रकांचे हॉर्न हो भेरो करता?"

आठवडाभरात त्याचे ट्रक म्हापशाच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये जाऊ लागले. त्यांच्यामागून इतरांचेही गेले. या बहिऱ्याच्या कामात कधी चूक झाली होती का, हे कुणी विचारलं नाही. काही टवाळ शेडमागे उभे राहून त्याला हाका मारून बघायचे आणि हसायचे. मी शाळेला जायला लांबचा रस्ता धरला.

दोन महिन्यांनी सिग्नल बंदच पडला, तेव्हा गेलो. शेडसमोर एकही ट्रक नव्हता. मेस्त स्टुलावर बसून फडकं पिळत होता. ही गोष्ट त्यानं फक्त माझ्याकडे कबूल केली होती, तेव्हा ती कुणी फोडली हे त्याला शोधावं लागलं नसणार. तो उठला आणि माझ्या गाडीच्या काचा पुसू लागला.

फ्लॅशर बदलून झाल्यावर त्यानं स्टुडिओतून आणलेल्या फिल्म रोलच्या दोन काळ्या डब्या काढल्या. त्या कापून आत एकेक छोटा पिवळा बल्ब बसवला आणि काचेखाली, माझ्या नजरेसमोर, एक डावीकडे, एक उजवीकडे लावली. डबीच्या सावलीमुळे बल्ब भर दुपारीही लख्ख दिसणार होता.

"टिक-टिक तुमका आयकाक येता, पण तुम्ही आयकनात नाय," तो हसून म्हणाला. "ह्यो दिवो बघा. कानांचा काय खरा नाय."

मग तो वायर जोडायला डॅशबोर्डखाली शिरला. त्याची पाठ माझ्याकडे होती. तेव्हा मी बोललो. "मेस्त, मी शब्द मोडला. माझ्यामुळे तुमचं काम गेलं. मला माफ करा." सगळं बोललो, व्यवस्थित, शुद्ध मराठीत, त्याच्या पाठीला.

त्यानं डोकं बाहेर काढलं. माझे ओठ बहुधा अजून हलत असावेत.

"काय म्हणालात? फुडे येवन सांगा."

मी पुढे गेलो. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. "काही नाही," मी म्हणालो, "दिवे छान दिसतात."

त्या वर्षाच्या आतच शेडला कुलूप लागलं. मेस्त गावी गेला असं स्टुडिओवाल्यानं सांगितलं. दोडामार्ग काही परदेशात नाही, तासाभराची वाट. मी गेलो नाही. पुढच्या सुट्टीत जाऊ म्हणत राहिलो. आमचं राज्य झालं, दोन्ही बांकांवरची माणसं म्हातारी झाली, आणि एक दिवस दोडामार्गच्या बसमधल्या कंडक्टरनं सहज सांगितलं की मेस्त वारला.

माझे कानही आता गेल्यातच जमा आहेत. घरात मीच सगळ्यांना समोर येऊन बोला म्हणतो. गाडी अजून दारात आहे. मुलगा ती विकू या म्हणतो, मी ऐकू न आल्यासारखं करतो. कधीकधी आत बसून सिग्नलची दांडी ओढतो. टिक-टिक ऐकू येत नाही. डॅशबोर्डखाली हात घालून डबीवर बोट ठेवलं की ती कळते. समोर काळ्या डबीतला पिवळा दिवा लागतो, विझतो. त्याच्याकडे बघून मी तेव्हा त्याच्या पाठीला बोललेलं सगळं पुन्हा बोलतो, तोंड नीट उघडून, मोठ्यानं. माझं मलाच नीट ऐकू येत नाही.