तीस अँपिअर आणि तिसरा मजला
सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की मला चाकण रस्त्यावरचं ते बॅटरीचं दुकान आठवतं. बायकोने कंपन्यांच्या गेटवर जेवणाचे डबे पोहोचवायला तीनचाकी इलेक्ट्रिक सायकल घेतली होती. दुपारच्या सुट्टीआधी डबे पोहोचले नाहीत, तर गिऱ्हाईक तुटणार होतं. सायकलची बॅटरी वेगळी घ्यायची होती, म्हणून मी आठवडाभर आकडेमोड केली होती. मोशीहून जाऊन-येऊन बावीस किलोमीटर, पंचवीस डब्यांचं वजन, वाटेतले चढ आणि वर थोडी शिल्लक धरून उत्तर आलं, अठ्ठेचाळीस व्होल्ट, तीस अँपिअर-अवर. दुकानदाराने तेवढीच बॅटरी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, हिशोब पक्का आहे तुमचा." बायकोने ती हँडलला धरून उचलली, दारापर्यंत नेली आणि परत आणून ठेवली. "अहो, आपल्या पार्किंगमध्ये प्लग नाही. हे बारा किलो रोज तीन मजले कोण चढवणार? तुम्ही तर शिफ्टला." दुकानदार हसला, "वहिनी, दळणाएवढं तर आहे!" "दळणही हेच आणतात, भाऊ," ती म्हणाली. मी कागद उलटा करून पुन्हा मांडणी केली. पंधराच्या दोन घेतल्या तर बेरीज तीच राहत होती आणि प्रत्येकीचं वजन निम्मं होत होतं. एक ती दुपारी वर नेणार, दुसरी संध्याकाळी कामावरून आल्यावर मी. तशाच घेतल्या, आणि डबे एकदाही चुकले नाहीत. आता कोणी बॅटरी निवडायला सल्ला मागितला, की मी किलोमीटरआधी मजला विचारतो.