द्याल ते करीन

"हिराबाईला शनिवारी काढून टाका," शेठनी फर्मावलं. "पॅकिंगमें सबसे स्लो."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भाईंदर पूर्वेला शेठचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता. मी तिथे पर्सोनेल ऑफिसर, म्हणजे माणसं घेणारा आणि काढणारा. काढण्याचं काम मला कधीच गोड लागलं नाही. हिराबाई खारीगावच्या. नवऱ्याचं मिठागराचं काम सुटलेलं, घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

मी पॅकिंगपाशी जाऊन उभा राहिलो. बाकीच्या बायका तांब्या कागदात गुंडाळून मोकळ्या होत. हिराबाई मात्र प्रत्येक तांब्यावरचा डाग पदरानं घासत बसायच्या. हा आळस नव्हता, खोड होती.

त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "दुसरं कुठलं काम आवडेल?"

"देशाल ते करीन."

हे उत्तर मला पाठ होतं. रत्नागिरीचा असो की इथला, मुलाखतीला आलेला प्रत्येक जण हेच म्हणे. साहेबापुढे आवड सांगणं म्हणजे आगाऊपणा. आवड विचारायची ती जेवताना, तीही पाहुण्याला.

"बरं, हौस कशाची?"

"हौस लग्नात व्हती."

"नाद?"

"तो आमचे मालकांना हाय. भजनाचा." त्या हसल्या.

मला हसू येईना. "हिराबाई, शनिवारी नोकरी जातेय. मन कुठं ओढ घेतं ते सांगा."

"चाकावर भांडी घासतात ना, तिथं. भांड्यात तोंड दिसलं का बरं वाटतं."

ते बफिंग. फिरत्या चाकावर भांडं धरून चमक आणायची. तिथे सगळे पुरुष.

"औरत? बफिंगमें?" शेठ उडालेच. "साडी फसेगी!"

"त्यांचा काष्टा घट्ट असतो, शेठ. पदर खोचतील. आठवडाभर बघू."

"माल बिगडा तो तुम्हारे सर पे."

पहिल्याच दिवशी वाटी हातून सुटून भिंतीवर आपटली. शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी वाटीकडे. आठवडा संपता संपता मात्र शेठ हिराबाईंनी चमकवलेल्या ताटात स्वतःची मिशी न्याहाळत होते. बाई पर्मनंट झाल्या. मला मनापासून आनंद झाला.

पुढे शेठनी काशीगावात गोडाऊन घेतलं. बफिंगपाशीच त्यांनी मला गाठलं. "गोडाऊन सँभालोगे, या पर्सोनेल? आपकी पसंद?"

"द्याल ते, शेठ."

मागचं चाक थांबलं. "न्हाय, साहेब," हिराबाई म्हणाल्या. "मना तर खोदून खोदून इचारलंत. आता तुमी सांगा."

"पर्सोनेल," मी म्हणालो.

आवड सगळ्यांनाच असते. पहिल्यांदा विचारल्यावर मात्र कोणी सांगत नाही, ऑफिसरसुद्धा.