मुद्देमालाच्या खोलीतले कोंब

ती घटना आठवली की आजही मला आधी मुद्देमालाच्या खोलीतला ओला वास येतो. कोल्हापूरपासून तासाभरावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. जूनमधल्या एका सकाळी, हजेरी चालू असताना निनावी फोन आला. "सायेब, आमच्या गावातली ती बाई दरसाल नर कापती अन् मादी राखती. तिच्या हातात मरण हाय!"

मी खुनाचा प्रकार समजून निघालो. वाटेत हवालदाराने समजावलं. संकरित भाताच्या बियाण्यासाठी नर आणि मादी वाणांच्या ओळी शेजारी-शेजारी लावतात. दाणा भरला की नराच्या ओळी आधी कापून बाहेर काढतात, म्हणजे भेसळ होत नाही. बी धरायचं ते मादीचं. बाई हेच काम करायच्या. मात्र नर कापला त्याच आठवड्यात त्यांचे यजमान वारले होते, आणि गावाने दोन्हींची गाठ मारून ठेवली होती.

यंदा त्यांचं बियाणं कुणाच्याच वाफ्यात उगवलं नव्हतं. ओळीने काळे वाफे, एक हिरवा ठिपका नाही. दाणे उघडे पडले होते तरी पाखरं उतरत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

शेतकऱ्यांची लेखी फिर्याद झाली. शेतकऱ्यांकडे उरलेली पिशवी आणि बाईंनी घरी डब्यात राखलेला त्याच बियाण्याचा नमुना, दोन्ही कापडात शिवून, लाखेचं सील करून ताब्यात घेतले. बियाणं सहा महिने ज्याच्या गोदामात होतं, त्या गोदामवाल्याने जबाब दिला, "माझ्याकडं आलं तवाच मेल्यालं हुतं."

बाई चौकशीला आल्या. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत.

"माझं बी जित्तं हाय," एवढंच म्हणाल्या.

"मग उगवलं का नाही?"

"त्ये मला काय इचारता? त्या बियालाच इचारा की!"

मला तो उद्धटपणा वाटला. बाहेर लोक ओरडत होते, "कळंब्याच्या जेलात धाडा तिला!" न रडणारी बाई मलाही गुन्हेगारच वाटली. मी अटकेची तयारी ठेवली. थांबलो ते फक्त प्रयोगशाळेला पाठवलेल्या नमुन्यांच्या अहवालासाठी.

आठव्या दिवशी सकाळी मुद्देमाल कारकून पांढराफटक होऊन आला. "साहेब, खोलीत कायतरी उगवलंय."

खोलीला खिडकी नव्हती. गंजलेले कोयते, रक्त वाळलेले शर्ट, आणि खालच्या फळीवर ती दोन पुडकी. कौलातून दोन्हींवर सारखंच पाणी ठिबकलं होतं. एक कुजलं होतं. दुसऱ्याच्या शिवणीतून बोटभर लांब पांढरे कोंब बाहेर आले होते आणि सगळेच्या सगळे दाराच्या फटीकडे वळले होते. जणू कुणी येण्याची वाट बघत होते. लाखेचं सील शाबूत होतं. चिठ्ठी वाचली. बाईंच्या डब्यातलं बी.

म्हणजे बी घरून जिवंत निघालं आणि गोदामात मेलं. मी गोदामवाल्याला बोलावलं आणि त्या दारात उभं केलं. कोंब बघून त्याने कबुली दिली.

"पोत्यांस्नी पाणी लागलं, सायेब. वाळवाय म्हणून गुऱ्हाळात चुलवाणाच्या धगीशेजारी रचली. वरनं सोन्यावानी दिसत हुतं की!"

दाणा वाळला होता, पण आतला जीव भाजून गेला होता. दोष बाईंवर ढकलायला फोनही त्यानेच केला होता, तेही त्याने सांगून टाकलं.

बाईंना बोलावून कोंब दाखवले. त्यांनी एकाला हळूच बोट लावलं. "मला द्या. आजच लावते. जगंल त्ये."

न्यायालयाच्या हुकमाशिवाय मुद्देमाल देता येत नाही. मी नियम सांगितला, अर्ज पाठवला. हुकूम आला तोवर कोंब वाळून पुडक्यावर आडवे पडले होते.

माणूस रडतो की नाही यावरून गुन्हा ओळखू नये, हे त्या तपासाने शिकवलं. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सहा महिने डब्यात आणि आठ दिवस अंधारात तगलेलं बी आमच्या ताब्यात मेलं.

बाईंनी ते पुडकं पदरात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आता कुणाच्या हातात मरण हाय, त्ये लिवा की, सायेब."

मी नोंदवहीत लिहिलं, "वाळलेली रोपे, एक पुडके, परत केले."