‘देअरफोर’च्या आधी

दोन्ही मुठी टेबलावर वीतभर अंतरानं ठेवायच्या, समोरच्याकडं बघायचं आणि विचारायचं, “मधी काय हाय?”

ही मुन्शीजींची सवय. लातूरला कचेरीच्या कुंपणाला लागून अर्ज लिहिणाऱ्यांची रांग बसायची, तिच्यात तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. वर ताडपत्री, खाली डुगडुगतं टेबल, त्यावर टाइपरायटर आणि मागं इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला उंच, वाळका माणूस. डावी मूठ म्हणजे तुमचं पहिलं वाक्य, उजवी म्हणजे दुसरं. मधल्या रिकाम्या जागेत काय आहे हे कळल्याशिवाय त्यांची बोटं चालायची नाहीत.

एकदा औशाकडचा एक म्हातारा आला. म्हणाला, “बैल मेला. पेरणी झाली न्हाई.” मुन्शीजींनी मुठी ठेवल्या. म्हातारा त्या मुठींकडं बघून म्हणाला, “मधी मी हाय की, मुन्शीजी.” रांगेतले सगळे हसले. मुन्शीजी हसले नाहीत. “बरोबर हाय,” म्हणाले, “पर तुमच्यासाठी इंग्रजीत शब्द न्हाई. ‘देअरफोर’ टाकतो.”

जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता. त्याआधी साध्या कागदासाठी उस्मानाबादला जावं लागायचं आणि दिवस मोडायचा. आता कचेरी दारात आली, पण टेबलं कमी, खुर्च्या त्याहून कमी आणि शिक्के जुन्याच जिल्ह्याचे. छापावर रेघ मारून बाजूला हातानं ‘लातूर’ लिहीत. पावसानंही नेमकी तेव्हाच पाठ फिरवली. जो तो पाण्यासाठी, चाऱ्यासाठी, कामासाठी अर्ज घेऊन यायचा.

मोठे साहेब परमुलखातले होते. मराठी बोलायचे, पण वाचताना अडखळायचे. इंग्रजी अर्ज लवकर वर जातो अशी बातमी फुटली आणि कुंपणाजवळचे सगळेच इंग्रजी लिहू लागले. लिहू लागले म्हणजे ‘अँड’ लावत सुटले. विहीर आटली अँड पोरं आजारी अँड कृपा करावी अँड आपला आज्ञाधारक.

मुन्शीजींचं तसं नव्हतं. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. इंग्रजी ते हैदराबादला एका म्हाताऱ्या मास्तरांच्या हाताखाली, छड्या खाऊन शिकले होते. त्यातलं व्याकरण सगळ्यांनाच येतं, असं ते म्हणायचे. जोडणारे शब्द कुणाला येत नाहीत. एक दिवस साहेबांनी शिपायाला बाहेर पाठवलं, हा अर्ज लिहिणारा कोण आहे विचारायला. मुन्शीजींना आत नेलं. ‘तरीही’ म्हणायला ‘नेव्हरदिलेस’ जागच्या जागी बघून किती वर्षं झाली, असं साहेब म्हणाले म्हणे. मुन्शीजींनी ही गोष्ट मला कमीत कमी वीस वेळा सांगितली. दर वेळी सांगून झालं की सदऱ्याची कॉलर सारखी करायचे.

मी त्यांच्याकडं गेले ती आमच्या वस्तीच्या अर्जासाठी.

आमचं गाव निलंग्याच्या पलीकडं. गावात दोन विहिरी. आमची बौद्धांची वस्ती ओढ्याच्या अलीकडं, आणि ओढा तर कधीच आटलेला. आमच्या बायका गावच्या विहिरीवर जायच्या, घागर पुढं ठेवून बाजूला बसायच्या. वरून कुणी ओतलं तर पाणी, नाही तर बसून राहायचं. माझी आई त्यांच्यातच बसायची. त्या साली सरकारकडून गावाला एक बोअर मिळणार होतं. ते कुठं पाडायचं हे ठरायचं होतं. ते वस्तीत पाडावं, आईनं पुन्हा कुणापुढं घागर मांडून बसू नये, एवढंच आम्हाला पाहिजे होतं.

मी लातूरला मावशीकडं राहून टायपिंग शिकत होते. वडील आणि वस्तीतले दोघं एसटीनं आले, त्यांना घेऊन मी मुन्शीजींच्या टेबलापुढं उभी राहिले. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, “वस्तीत स्वतःचं पाणी काहीच न्हाई ना?”

वडील टोपी सारखी करू लागले. मी मात्र खरं बोलायच्या वयात होते. वस्तीत एक आड होता. पहाटे चार घागरी पाणी यायचं, मग दिवसभर नुसता चिखल. गावातलं कुणी तिकडं फिरकत नसे, त्यामुळं तो कोरडाच आहे अशी सगळ्यांची समजूत. मी ते मुन्शीजींना सांगून टाकलं.

त्यांनी कच्च्या मसुद्यावर ते लिहिलं, थोडा वेळ बघितलं आणि पेन्सिलीनं खोडलं. “हे आपल्या अर्जात न्हाई बसत. खोटं बोलायचं न्हाई, पर न विचारलेलं सांगायचं बी न्हाई. तू बी कुणाला बोलू नको, पोरी.” वडिलांनी त्यांना हात जोडले.

टाइप झालेला कागद मी वाचून बघितला आणि भीत भीत म्हणाले की ‘मोरओव्हर’ दोनदा आलाय. मुन्शीजींनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “तू टायपिंग शिकती का इंग्रजी?”

“टायपिंग.”

“मग उद्यापासून दुपारी येत जा.”

दुपारी दोन ते तीन कचेरी पेंगायची, तेव्हा माझा वर्ग. फी नाही. “मोरओव्हर म्हणजे जोडीचा बैल. दोघांची तोंडं एकाच अंगाला पाहिजेत. एकाचं शेताकडं अन् एकाचं घराकडं, तर औत चालंल का?” एका शिक्षकानं बदलीच्या अर्जात लिहिलं होतं की बायको आजारी आहे, मोरओव्हर माझी प्रकृती उत्तम आहे. मुन्शीजी हे आठवून डोळ्यांत पाणी येईतो हसायचे. “हाउएव्हर म्हणजे औत वळवायचं. वळवायच्या आधी थांबावं लागतं, म्हणून पहिल्यांदा अर्धविराम.” आणि ‘देअरफोर’बद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. “ह्याच्या आधी कारण पाहिजे. कारण नसंल तर हा शब्द उघडा पडतो, पोरी. बघवत न्हाई.”

त्यांचं हे वेड मला तेव्हा फार गोड वाटायचं. एका अर्धविरामासाठी तीन कार्बन लावलेला अख्खा कागद त्यांनी पुन्हा टाइप केला आणि त्या नादात अर्जदाराची निलंग्याची शेवटची गाडी गेली. तो माणूस शिव्या घालू लागला. मुन्शीजींनी शांतपणे आपल्या भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी त्याला दिली आणि रात्री झोपायला त्याला घरी घेऊन गेले. कागदातली चूक मात्र त्यांनी त्याला समजावून सांगितलीच.

पुढं मी परीक्षा पास झाले. नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघाल्या होत्या, त्यात टंचाईच्या शाखेत टंकलेखक म्हणून लागले. मुन्शीजींनी कुंपणापाशी सगळ्यांना जिलेबी वाटली. “सरकारच्या आत आपला एक कॉमा गेला,” असं ज्याला त्याला सांगत होते. माझ्या वडिलांना झाला नसेल एवढा आनंद त्यांना झाला होता. हे मी आजही नाकारत नाही.

नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात आमच्या कारकुनांनी माझ्यासमोर एक फाइल ठेवली. आमच्या गावाची. बोअर गावातच घ्यायचं असा आदेश टाइप करायचा होता. खाली आमचा अर्ज होता आणि त्याच्यावर गावातल्या काही शेतकऱ्यांचा, आमच्या विरोधातला. तोही इंग्रजीत. मी वाचायला लागले. सदर वस्तीस, मोरओव्हर, स्वतःचा आड असून त्यास पाणी आहे; देअरफोर, बोअरची निकड गावातच आहे.

‘मोरओव्हर’ वाक्याच्या पोटात, दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. ‘देअरफोर’च्या आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. सबंध जिल्ह्यात असं लिहिणारी दोनच माणसं होती आणि त्यातली एक मी होते. अर्जाखाली सह्या कुणाच्या आहेत हे बघायची मला गरजच वाटली नाही.

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. कागदावर कारण होतं, त्यांनी ते धरलं. मी आदेश टाइप केला. एकही चूक केली नाही. मग जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेले.

मुन्शीजी ब्रशनं टाइपरायटरची अक्षरं साफ करत होते. मी विचारलं, “आडाचं त्यांना कुणी सांगितलं?”

कुणाचा आड, कुठला आड, असं काही त्यांनी विचारलं नाही. ब्रश खाली ठेवला. “त्यांना ठाऊकच नव्हतं.”

“मग?”

“त्यांचा अर्ज लंगडा होता, पोरी. बोअर गावात पाहिजे म्हणत होते. कामून पाहिजे, ते कुणाला सांगता येईना. देअरफोर लिहिला, तर त्याच्या आधी काहीच न्हाई. तीनदा कागद काढला मशीनमधून. बघवंना.”

“म्हणून आमचा आड घातला?”

“खरं होतं ते.”

“आमच्या अर्जातून तुम्हीच खोडलं होतं.”

“तुमच्यात ते बसत नव्हतं,” मुन्शीजी म्हणाले. “त्यांच्यात बसलं.”

त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही लबाडी नव्हती, आणि मी सगळ्यात जास्त चिडले ती त्यानंच. त्यांनी चार पैसे जास्त घेतले असते, कुणाला भिऊन लिहिलं असतं, तर मला कळलं असतं. माणसं विकली जातात, भितात, हे मला त्या वयातही माहीत होतं. पण एका शब्दाच्या आधीची जागा रिकामी राहू नये म्हणून त्यांनी माझ्या आईची घागर उचलून तिथं ठेवली होती. आणि ती घागर त्यांच्या हातात मीच दिली होती.

मी निघाले तसं मागून म्हणाले, “उद्या ये. ‘नॉटविदस्टँडिंग’ राहिलाय अजून.”

मी गेले नाही. तो शब्द मी पुढं कुणाकडूनही शिकले नाही आणि तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांच्या मसुद्यात आला तेवढा टाइप केला, स्वतःहून एकदाही वापरला नाही. कचेरीत जायला मी मागचं फाटक धरलं. कधी समोर आलेच तर ते उभे राहायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि मी पुढं निघून जायचे. एकदा माझ्या हातातल्या कागदाकडं बघून त्यांनी बोट उचललं. बहुतेक काही चुकलं होतं. मी घरी जाऊनसुद्धा तो कागद पुन्हा बघितला नाही.

बोअर गावात पडलं. भरपूर पाणी लागलं. आमच्या बायका विहिरीऐवजी आता पंपाशेजारी बसू लागल्या. दांड्याला त्यांनी हात लावायचा नाही, एवढाच काय तो बदल. त्या उन्हाळ्यात मी गावी गेले तेव्हा आईचे तळपाय भाजून सोललेले होते. म्हणाली, “हिरीपाशी सावली तरी व्हती, माय.” मी तिला तेल लावत बसले. फाइलीतलं काही सांगितलं नाही.

पुढच्या साली दुसऱ्या बोअरची सोय निघाली, तेव्हा वस्तीचा अर्ज मी लिहिला. मराठीत लिहिला. वस्तीत चाळीस घरं आहेत. वस्तीच्या आडाला पहाटे चार घागरी पाणी येतं. बस, एवढंच. दोन वाक्यांच्या मध्ये काहीही घातलं नाही. साहेब बदलले होते, नवे स्वतः गावात येऊन आड बघून गेले आणि मंजुरी दिली. वस्तीत पंप बसला त्या दिवशी आईनं स्वतःच्या हातानं दांडा मारून घागर भरली, आणि ती सांडेपर्यंत मारतच राहिली.

वस्तीतल्या लोकांना मात्र वाटलं की मुन्शीजींचा पहिला अर्जच उशिरा का होईना लागू पडला. दुसरा मी लिहिला होता हे सांगून बघितलं. “तुला बी त्यांनीच शिकवलं की,” वडील म्हणाले. मुन्शीजींनी काय केलं हे सांगायचं, तर आडाचं त्यांना कुणी सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. दर दिवाळीला आई माझ्याकडं त्यांच्यासाठी नवी ज्वारी पाठवायची. मी ती शिपायाच्या हाती पोचवत होते.

मुन्शीजी गेल्याचं मला कचेरीतच कळलं. गावी निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आई आणि वस्तीतल्या चार बायका लातूरला येऊन हजर. घर मला शोधावं लागलं. मी तिथं कधी गेलेच नव्हते. आत मुन्शीजींची बायको भिंतीला टेकून बसली होती. आई तिच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “मुन्शीजी व्हते म्हणून आमच्या वस्तीला पाणी आलं, बाई.”

मुन्शीजी होते. वस्तीला पाणी आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ‘म्हणून’ चुकलं होतं. तिथं ‘तरी’ पाहिजे होतं.

त्यांच्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. “खरं का गं? घरी कधी बोलले न्हाईत.”

आईही माझ्याकडं बघत होती. “खरं आहे,” मी म्हणाले, आणि एवढं खोटं माझ्या तोंडून वदवून घेतल्याबद्दल मला मुन्शीजींचा पुन्हा नव्यानं राग आला.