उपाध्यक्षांचा सायरन

लालबागला आमच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ गणपती मंडळाच्या अनेक उपाध्यक्षांपैकी एक. गाडीला पोलिसांसारखा सायरन बसवलेला. इडली आणायला निघाले तरी वाजवायचे. "आपल्याला अडवतो कोण, शेठ?" हे पालुपद.

बेळगावच्या इस्पितळात त्यांचे वडील अत्यवस्थ होते, म्हणून मी सोबत निघालो. निपाणीपुढे सायरन ऐकून कर्नाटकच्या पोलिसाने गाडी अडवली, दंड लावला. "हे काढा इथंच, मग जावा."

उपाध्यक्षांनी हात जोडून पाहिले. मग पाना घेऊन वाकले. बोल्ट गंजलेले होते.

तेवढ्यात इस्पितळातून बहिणीचा फोन आला. तो ऐकून त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. त्यांचा चेहरा पाहून पोलीसच ओशाळला. "राहू द्या. जावा तुम्ही."

"आता घाई नाही, साहेब," म्हणत ते उरलेले बोल्ट सोडवू लागले.