काकीच्या वाटणीची गोळी

काकीच्या मुलाचा, विलासदादाचा फोन आला, "आई गेली गो." सकाळी मोगरा काढून काकी ओटीवर टेकली, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत… टोपली मात्र काठोकाठ भरलेली. रडता रडता मला हसूच आलं. अर्धं काम टाकून जाणारी बाई नव्हतीच ती!

आगाशीला तिच्या वाडीतल्या खोलीत आम्ही भाड्यानं आलो, तेव्हा मी माणदेशातून आलेली, आठवीत शाळा सुटलेली, सगळ्याला भिणारी. नवरा कंपनीत गेला की तिच्या ओटीवर गजरे करत बसायचे आणि माहेरच्या शेळीच्या, चंद्रीच्या, गोष्टी सांगायचे. इतकं ऐकून घेणारं इथं दुसरं कोणी नव्हतं. काकीनं माळ घालून मासे सोडलेले. "मी मासे सोडले तेव्हा बाजारात कोळणी रडल्या," म्हणायची. दूध नातवंडांना, स्वतःला कोरा चहा. पुढं पायांना मुंग्या येऊ लागल्या, मोगऱ्याची टोपली विहिरीवर विसरू लागली. वय झालं, असं सगळेच म्हणाले. दादानं डॉक्टरांकडे नेलं, तर रक्तात बी-बारा जीवनसत्त्व फार कमी. गोळ्या मिळाल्या. रोज चहाबरोबर गुळाच्या खड्यात खुपसून एक गोळी ती मला द्यायची. "शक्तीची आहे, खा." मला वाटे, तीही घेते. आणि एका सकाळी मलाच विचारलं, "कोण गो तू? कोणाची?"

डॉक्टरांसमोर तिला घेऊन मीच बसले. गोळ्या घेता ना, त्यांनी विचारलं. काकी म्हणाली, "ही पोर घेते. आठवीत शाळा सुटली हिची. माझं डोकं वापरून झालं, हिचं अजून चालवायचंय." डॉक्टर आधी हसले, मग दोघींनाही झापलं. "विसरणाऱ्या प्रत्येकाला या औषधाचा गुण येत नाही," म्हणाले, "पण यांच्यात तेच कमी आहे, येईल." इंजेक्शनं सुरू झाली. मी देवाला हात जोडत राहिले… काही आठवड्यांनी गजरा गुंफता गुंफता तिनं मान वर केली.

"नंदे, चंद्री व्याली का गो?"

माझ्या हातातला दोराच सुटला. "दोन पिल्लं झाली काकी, दोन्ही पाटी!" मी ओरडलेच.

"मग पेढे कुठायत, चिकटे?"

पुढं गोळ्या परत आल्या, पण माझ्यासमोर घ्यायच्या, ही माझी अट. ती गिळायची आणि शाळेतल्या पोरीसारखा आ करून दाखवायची, "बघ, गिळली!" आम्ही मनवेलपाड्याला राहायला गेलो, तरी मी दारात दिसले की आधी आ, मग "ये गो."

आता प्रेशरची गोळी मलाही आहे. कालही गुळाच्या खड्याबरोबर गिळली आणि दाराकडे वळून आ केला… नवरा बघतच राहिला.